क्रूगरला जायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाबद्दल या वेळी इतकी पत्रं आली, की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. १९२६ साली स्थापन झालेलं हे उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किलोमीटर लांब आणि सरासरी ६५ किलोमीटर रुंद आहे. मकरवृत्त त्याच्या उत्तर भागातून जातं. बहुतेक पर्यटक मकरवृत्ताच्या दक्षिणेकडे, उपोष्ण पट्ट्यात फिरतात आणि खालची उत्तरंही त्याच भागाला धरून आहेत.

मुलांच्या शाळेमुळे आमच्यापुढे मे महिना, दिवाळी आणि नाताळ एवढेच पर्याय आहेत. यातला कोणता बरा? (एक वाचक, पुणे)

मे, आणि त्यातही शक्य तितका शेवटचा आठवडा. तिकडे पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च पडतो. एप्रिलनंतर डबकी आटायला लागतात आणि जनावरं नद्यांकडे व बारमाही पाणवठ्यांकडे सरकतात. गवत मात्र लगेच बसत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ते गाडीच्या खिडकीइतकं उंच असू शकतं आणि त्यात दहा फुटांवर बसलेला सिंहही दिसत नाही. महिनाअखेरीस परिस्थिती बरीच सुधारते. खरा उत्तम काळ जुलै ते सप्टेंबर, पण तो तुमच्या सुट्टीत बसत नाही.

मेमधली अडचण म्हणजे लहान दिवस. मे ते जुलै उद्यानाचं गेट सकाळी ६ वाजता उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. शिवाय पहाटे चांगलीच थंडी असते. बंद गाडीत ती जाणवत नाही, पण उघड्या सफारी गाडीत वारा अंगावर येतो आणि कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट नसेल तर पहिला तास कुडकुडण्यात जातो. 'आफ्रिका म्हणजे ऊन' या समजुतीने फक्त सुती कपडे नेणाऱ्यांचे फार हाल होतात.

दिवाळीचा निर्णय तिथीवर अवलंबून आहे. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, तर कोरड्या हंगामाचा शेवट मिळतो. पाणी मोजक्याच जागी उरलेलं असतं आणि एकेका पाणवठ्यावर गर्दी दिसते. मात्र पारा चाळिशीकडे जाऊ शकतो, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन गाडी सावलीत ठेवून मुक्कामाच्या कॅम्पमध्येच थांबावं. दिवाळी नोव्हेंबरमध्ये गेली, तर एका मोठ्या पावसाने चित्र पालटतं. जागोजाग पाणी साचलं, की जनावरांना नदीवर यायची गरजच उरत नाही.

नाताळात जंगल हिरवंगार असतं, इम्पाला हरणांची पाडसं नुकतीच जन्मलेली असतात, किरमिजी वेडा राघू आणि युरोपीय नीलपंख असे पाहुणे पक्षी आलेले असतात. ज्यांचा जीव पक्ष्यांत आहे, त्यांनी नाताळच निवडावा. फक्त तिथल्या शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते, त्यामुळे कॅम्पमधल्या खोल्या फार आधी संपतात.

एजंटने पाच रात्रींत पाच कॅम्प असा कार्यक्रम दिला आहे. दक्षिणेच्या मलेलाने गेटने आत शिरून थेट उत्तरेला पुंडा मारिया कॅम्पपर्यंत. 'सगळं क्रूगर बघून होईल' असं तो म्हणतो. घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

घेऊ नका. या कार्यक्रमात तुम्ही जंगल बघणार नाही, नुसतं ओलांडणार आहात.

हिशेब करून बघा. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, कच्च्या खडीच्या रस्त्यावर ४० आणि कॅम्पच्या आत २०. वेगाची तपासणी होते आणि दंडही होतो. पण मर्यादेच्या वेगाने जाणाऱ्याला इम्पाला आणि जिराफ सोडून फारसं काही दिसत नाही. झुडपाखाली पडलेला बिबट्या दिसायचा, तर वेग २५ च्या खाली हवा. थांबे धरून सरासरी ताशी २० ते २५ किलोमीटरच पडते. म्हणजे शंभर किलोमीटरच्या टप्प्याला चार-पाच तास. रोज एवढं अंतर कापून वर रोज सामान बांधायचं आणि सोडायचं, यात पहाटेचे आणि संध्याकाळचे हुकमी तास वाया जातात. कॅम्पवर साधारणपणे दुपारी दोननंतर खोली मिळते आणि सकाळी दहापर्यंत ती सोडावी लागते, हेही लक्षात घ्या.

दुसरं कारण जमिनीचं. क्रूगरच्या पश्चिम अर्ध्यात ग्रॅनाइट आहे आणि पूर्व अर्ध्यात बेसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनचाच काळा दगड. बेसाल्टवरची काळी कसदार माती सकस गवत देते. तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट जमतात आणि त्यांच्यामागे सिंह. सतारा कॅम्पभोवतीची मोकळी मैदानं सिंहांसाठी प्रसिद्ध आहेत ती म्हणूनच. ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपाने झाडांचं साम्राज्य सुरू होतं. तो प्रदेश सुंदर आहे, हत्ती आणि रानम्हशींचे कळप मोठे आहेत, पण मोपानेची झुडपं दाट असतात आणि मैलोन्‌मैल काहीच दिसत नाही असंही होतं. पहिल्याच सहलीला पाच दिवसांतले दोन त्यात घालवू नयेत.

त्याऐवजी असं करा. पहिल्या दोन रात्री लोअर साबी, पुढच्या दोन सतारा, पाचवी स्कुकुझा.

जोहान्सबर्गहून एन४ महामार्गाने कोमातीपूर्टमार्गे क्रोकोडाइल ब्रिज गेट साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. टोलनाके आणि जेवण धरून सहा तास लागतात. गेटपासून लोअर साबी ३४ किलोमीटर, म्हणजे आणखी दीड-दोन तास. कॅम्पचं फाटक बंद होण्याआधी पोहोचणं शक्य नसेल, तर गेटवरूनच परत पाठवतात आणि कॅम्पला उशिरा पोहोचल्यास दंड होतो. म्हणून विमान दुपारी उतरणार असेल, तर त्याच दिवशी निघू नका. विमानतळाजवळ रात्र काढा आणि पहाटे निघा. महामार्गावर अंधारात गाडी चालवणंही टाळायचं आहे.

लोअर साबीहून पहिल्या संध्याकाळी लांब जाऊ नका. कॅम्पच्या दारातच सनसेट डॅम आहे. पाणघोडे, मगरी, मासे धरणारे बगळे आणि पाण्यावर येणारे कळप तिथे गाडीत बसल्या जागी दिसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे एच४-१ हा साबी नदीकाठचा रस्ता धरा. स्कुकुझापर्यंत तो ४६ किलोमीटर आहे आणि बिबट्यांसाठी नावाजलेला आहे. नदीकाठची उंच झाडं, खडक आणि दाट झुडपं हे सगळं त्याला तिथे एकत्र मिळतं. गाड्यांची गर्दीही याच रस्त्यावर सर्वांत जास्त, म्हणून फाटक उघडताच बाहेर पडणं महत्त्वाचं.

लोअर साबी ते सतारा सुमारे ९० किलोमीटर आहे. हा पूर्ण दिवसाचा प्रवास समजा. एच१० ने वर जाताना न्कुंबे नावाचं ठिकाण लागतं. तिथे गाडीतून उतरायची परवानगी आहे आणि खाली पसरलेलं मैदान दुर्बिणीने बघता येतं. मध्ये त्शोक्वाने इथे चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृह मिळतं. साताऱ्याच्या वाचकांना नाव ओळखीचं वाटेल अशा सतारा कॅम्पहून एस१०० हा कच्चा रस्ता ओढ्याच्या कडेने पूर्वेला जातो. तो उजाडताच करायचा. ऊन चढलं, की सिंह सावलीत जातात आणि गवतात दिसेनासे होतात.

परतताना सताराहून स्कुकुझाला येऊन पॉल क्रूगर गेटने बाहेर पडा. विमान चुकू नये म्हणून शेवटच्या दिवशी जंगलात भटकंती ठेवू नका. नुम्बी गेटबद्दल मात्र सावध राहा. त्या गेटकडे जाणाऱ्या बाहेरच्या रस्त्यावर २०२२ मध्ये पर्यटकांवर जीवघेणा हल्ला झाला होता. नकाशाचं अ‍ॅप जवळचा रस्ता म्हणून तोच सुचवू शकतं, तेव्हा गेटचं नाव आपण टाकावं, निवड अ‍ॅपवर सोडू नये.

ताडोबाला जिप्सी, गाईड आणि ठरलेली वेळ असते. क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवायची म्हणे. हे सुरक्षित आहे का आणि गाडी कोणती घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

सुरक्षित आहे, एक नियम कसोशीने पाळला तर: ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. दार उघडायचं नाही, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं नाही, छताच्या झरोक्यातून उभं राहायचं नाही. बंद गाडी हा सिंहाच्या दृष्टीने एक मोठा, ओळखीचा आणि बिनधोक आकार असतो. त्यातून माणसाची आकृती वेगळी दिसली, की तो आकार मोडतो आणि जनावर बिथरतं किंवा चाल करतं. पंक्चर झालं तरी स्टेपनी बदलायला खाली उतरू नका. हळूहळू गाडी न्या, जमत नसेल तर आपत्कालीन नंबरला फोन करा किंवा दुसऱ्या गाडीला हात करून निरोप द्या. हा नंबर गेटवर मिळणाऱ्या परवान्यावर छापलेला असतो. मुख्य कॅम्पांच्या आसपास मोबाइलला रेंज असते, मधल्या पट्ट्यांत नसते. म्हणून ऑफलाइन नकाशा आणि कॅम्पच्या दुकानातला कागदी नकाशा दोन्ही जवळ हवेत.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. महाराष्ट्रातल्या स्मार्ट कार्ड लायसन्सवर इंग्रजी मजकूर, फोटो आणि सही असल्याने ते चालतं, पण गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो आरटीओतून काढून न्या, एक वर्ष चालतो. खरी अडचण क्रेडिट कार्डाची होते. अनामत रक्कम गाडी चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, दुसऱ्याच्या नावाचं कार्ड तर नाहीच. मुलाच्या नावावर गाडी आणि वडिलांच्या नावाचं कार्ड अशी जोडी काउंटरवर अडते.

चार चाकांना जोर असलेली गाडी लागत नाही. साधी सेदानही डांबरी आणि मुख्य कच्च्या रस्त्यांवर जाते. तरी परवडत असेल तर उंच बसकीची एसयूव्ही घ्या, कारण एक फूट उंचीने गवतापलीकडचं दिसतं. विम्यात टायर आणि काचेचा समावेश आहे का ते विचारून घ्या. कच्च्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकातून खडे उडतात आणि पुढची काच तडकते. हे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरलेलं नसतं. खडीवर जोरात ब्रेक मारू नका, गाडी घसरते.

सगळ्याच फेऱ्या स्वतः करू नका, असं मात्र आवर्जून सांगावंसं वाटतं. एक संध्याकाळची किंवा रात्रीची फेरी उद्यानाच्या गाडीतून घ्या. पर्यटकांच्या गाड्या आत परतल्यावर या गाड्या प्रखर दिवे घेऊन बाहेर असतात, आणि रानमांजरं, जवादी, तरस, क्वचित साळिंदर हे सारं बहुतेक तेव्हाच दिसतं. या फेऱ्यांना सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. पहाटेची पायी फेरी दोन बंदूकधारी मार्गदर्शकांसोबत जास्तीत जास्त आठ जणांची असते, त्यासाठी वय किमान १२ हवं. ज्यांना चालवतं त्यांनी ती चुकवू नये. पावलांचे ठसे, लेंड्या, झाडावर घासलेल्या चिखलाच्या खुणा या गोष्टी गाडीतून कळत नाहीत.

आमच्याबरोबर सासूबाई आहेत, वय ७२. स्वच्छतागृहाची काय सोय? (एक वाचक, डोंबिवली)

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारतं कोणीच नाही. कॅम्प आणि सहलीच्या थांब्यांवरच सोय आहे, मध्ये कुठेही उतरता येत नाही. म्हणून फेरी थांब्यांच्या हिशेबाने आखा. एच४-१ वर साधारण मध्यावर न्कुहलू आहे. स्कुकुझा-सतारा रस्त्यावर त्शोक्वाने, मलेलानेकडून येताना एच३ वर आफसाल, सतारापासून पूर्वेला न्वानेत्सी. दोन थांब्यांमध्ये प्रवास दीड-दोन तासांच्या पलीकडे जाणार असेल, तर तो रस्ता सासूबाईंसोबत घेऊ नका. सिंह दिसला, की गाड्यांच्या कोंडीत आणखी अर्धा-पाऊण तास सहज जातो, तोही धरा. तहान मारून बसणं हा उपाय नव्हे, उन्हात त्याचा त्रासच होतो.

रस्त्यात हत्ती आला तर काय करायचं? व्हिडिओ बघून भीती वाटते. (एक वाचक, कोल्हापूर)

क्रूगरमध्ये गाडीला खरा धोका कोणापासून असेल तर तो हत्तीपासूनच. चंदगड-आजऱ्याकडच्या किंवा दोडामार्गच्या लोकांना हत्तीपासून किती लांब राहायचं हे सांगावं लागत नाही. ज्यांनी मंदिरातलाच हत्ती पाहिला आहे, ते मात्र फोटोसाठी फार जवळ जातात.

पहिली गोष्ट अंतराची. किमान ५० मीटर लांब थांबा आणि पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नका. मागे जायला वाट मोकळी हवी. पुढे हत्ती आणि मागे गाड्यांची रांग अशी स्थिती आली, की सुटायला मार्ग उरत नाही. बहुतेक अपघातांचं मूळ यातच असतं. वळणावर थांबू नका. रस्ता ओलांडणाऱ्या कळपात दोन हत्तींमध्ये फट दिसली म्हणून गाडी घालू नका, मागे राहिलेलं पिल्लू झुडपात असू शकतं आणि तुम्ही आई व पिल्लाच्या मध्ये येता.

नर एकटा असेल तर आधी त्याचं डोकं बघा. डोळा आणि कान यांच्या मधून काळसर ओघळ आलेला असेल, मागच्या पायांवर लघवी सतत ठिबकत असेल, मान ताठ असेल, तर तो माजावर आहे. अशा हत्तीला बघत थांबायचं नाही, दिसताक्षणी मागे व्हायचं. तो रस्त्यानेच तुमच्याकडे चालत येत असेल तर शांतपणे रिव्हर्स घ्या, अगदी एक-दोन किलोमीटरसुद्धा. हत्ती बऱ्याचदा रस्ता धरूनच चालतो आणि कंटाळला की बाजूला वळतो. बाजूने निसटण्याचा प्रयत्न करू नका.

माज नसलेला हत्ती कान पसरून, डोकं झटकून, चार पावलं धावून थांबतो, तेव्हा तो इशारा देत असतो. हॉर्न वाजवू नका, इंजिनाचा आवाज चढवू नका. सावकाश अंतर वाढवा. तो एक पाय झुलवत उभा असेल किंवा उगाच गवत उपटून न खाता फेकत असेल, तर तो शांत नसून अस्वस्थ आहे. इंजिन बंद करायचं तर हत्ती लांब असतानाच करा. तो जवळ आल्यावर अचानक स्टार्टरचा आवाज झाला तर दचकतो. रिव्हर्सचा सराव नसलेल्याने ही गाडी चालवू नये, आणि ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदाच हातात येत असेल तर विमानतळाच्या पार्किंगमध्येच दहा मिनिटं पुढे-मागे करून बघावी.

मलेरियाची गोळी घ्यायलाच हवी का? पिवळ्या तापाची लस? बरोबर चार वर्षांचा मुलगा आहे. (एक वाचक, सोलापूर)

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, म्हणजे सप्टेंबर ते मे, धोका जास्त असतो. जून ते ऑगस्ट तो बराच कमी होतो, संपत नाही. तुमच्या शहरात मलेरिया आहे म्हणून अंगात प्रतिकारशक्ती असेल, या भरवशावर राहू नका. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा असतो. तो वेगाने गंभीर होतो आणि त्यावर क्लोरोक्विन चालत नाही.

डॉक्टरांकडे निघण्याआधी महिना-दीड महिना जा. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिनही एक-दोन दिवस आधी सुरू होते, पण परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवावी लागते. लोक घरी आल्यावर ती सोडून देतात आणि तिथेच चूक होते, कारण यकृतातून रक्तात उतरणारे जंतू तेव्हाही उरलेले असू शकतात. डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा भाजते आणि ती आठ वर्षांखालच्या मुलांना व गर्भवतींना देत नाहीत. तुमच्या मुलाची मात्रा वजनावरून ठरते, ती अंदाजाने करू नका. इतक्या लहान मुलाला घेऊन जायचं, तर जून ते ऑगस्ट हा काळ बघावा असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाय उद्यानाच्या सफारी गाडीत त्याला घेणार नाहीत, म्हणजे एका मोठ्या माणसाला त्याच्यासोबत मागे थांबावं लागेल.

डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. त्या वेळेत पूर्ण बाह्या, पायमोजे आणि उघड्या त्वचेवर डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम. परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर 'आफ्रिकेत जाऊन आलोय' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

पिवळ्या तापाचा संबंध क्रूगरशी नसून तुमच्या विमानमार्गाशी आहे. दक्षिण आफ्रिकेत हा रोग नाही. पण स्वस्त तिकीट अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं, आणि इथिओपिया व केनिया हे जोखमीच्या देशांत धरले जातात. तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात किंवा बाहेर पडलात, तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. परतताना तिथे बाहेर पडलात, तर भारतातही ते लागतं आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

बुकिंग, व्हिसा आणि प्रवेश फी यांचा क्रम कसा ठेवावा? (एक वाचक, नागपूर)

आधी खोल्या, मग विमान, मग व्हिसा. आतले कॅम्प सॅनपार्क्स ही सरकारी संस्था चालवते आणि त्यांच्या संकेतस्थळावर सुमारे ११ महिने आधी आरक्षण खुलं होतं. लोअर साबी आणि सतारा सर्वांत आधी भरतात. जागा नसेल तर रोज संकेतस्थळ बघत राहा, रद्द झालेल्या खोल्या परत दिसतात. खोलीचे प्रकार नीट वाचा. 'हट' म्हणजे बहुधा सामाईक स्वयंपाकघर, 'बंगलो' म्हणजे स्वतःची न्हाणी आणि बऱ्याचदा छोटं स्वयंपाकघर. नदीकाठची खोली हवी असेल, तर तो प्रकार वेगळा असतो.

खोलीच्या भाड्यात प्रवेश फी नसते. ती दर दिवशी, दर माणशी लागते आणि परदेशी पाहुण्यांसाठी स्थानिकांच्या कित्येक पट असते. चार जणांच्या कुटुंबाचा पाच दिवसांचा आकडा अंदाजपत्रकात नसला, तर गेटवर धक्का बसतो. रोजच्या फीऐवजी वर्षभर चालणारं वाइल्ड कार्ड घ्यावं का, याचा निर्णय साध्या भागाकाराने होतो: कार्डाची किंमत भागिले कुटुंबाची एका दिवसाची फी. उत्तर तुमच्या दिवसांपेक्षा कमी आलं तर कार्ड घ्या. जोडप्याचं आणि कुटुंबाचं कार्ड वेगळं असतं.

व्हिसासाठी मुलांच्या जन्मदाखल्यावर आई आणि वडील दोघांचीही नावं हवीत. पालिकेच्या जुन्या दाखल्यांवर कधी बाळाचं नाव नसतं, कधी पासपोर्टपेक्षा वेगळं असतं. ही दुरुस्ती करायला वेळ लागतो, म्हणून दाखला आज काढून बघा. एकच पालक जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्रही लागतं.

आम्ही शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. उपाशी राहावं लागेल का? (एक वाचक, सांगली)

नाही, पण उपाहारगृहांवर विसंबू नका. स्वयंपाकघर असलेला बंगलो घ्या आणि गेटच्या आधी मलेलाने किंवा म्बोम्बेला इथल्या सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, भाज्या, दही घ्या. कॅम्पच्या दुकानात दूध, ब्रेड, अंडी आणि गोठवलेलं मांस भरपूर, ताजी भाजी मात्र तुटपुंजी. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या, मसाले, थेपले असे कोरडे पदार्थ न्या, शक्यतो बंद पाकिटातले. दूध-तुपाचे पदार्थ, मध, बी-बियाणं, ताजी फळं सीमाशुल्कात अडकतात. काय आणलं ते विचारल्यास लपवू नका.

माकडं आणि बबून यांच्यापासून सावध. ओट्यावर पिशवी ठेवून आत गेलात तर परत येईपर्यंत ती गेलेली असते. बाहेरच्या फ्रीजला कडी किंवा जाळीचं दार असतं, ते प्रत्येक वेळी लावा. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे. खायला मिळतं म्हणून माणसाच्या अंगावर येणारा बबून शेवटी गोळी घालून मारला जातो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बिबट्या हमखास दिसेल अशी वेळ आणि जागा सांगा. (एक वाचक, चंद्रपूर)

हमखास अशी जागा नाही. तुम्ही ताडोबाच्या दारातले आहात, कान तयार असतील. सांबराऐवजी इथे इम्पालाचा फुत्कार ऐका, वानराऐवजी व्हर्व्हेट माकडाची खाकर. जिराफ न चरता एकाच दिशेला टक लावून उभा असेल, तर तिकडे बघा. गिधाडं झाडावर नुसती बसलेली असतील, तर शिकारीवर अजून कोणीतरी आहे. आडव्या जाड फांद्या असलेलं प्रत्येक मोठं झाड दुर्बिणीने चाळा आणि लोंबणारी शेपटी शोधा.

गेंडा दिसला तर फोटो जरूर काढा, पण जागेसह समाजमाध्यमांवर टाकू नका आणि दिसल्याची जागा कोणाला सांगत बसू नका. शिकारी टोळ्या ही माहिती वापरतात. शिंग छाटलेले गेंडे दिसतील. ती छाटणी उद्यानानेच, त्यांचा जीव वाचावा म्हणून केलेली असते.

कॅमेऱ्याची लेन्स किती हवी आणि चार्जिंगला कोणती पिन लागते? (एक वाचक, रत्नागिरी)

सस्तन प्राण्यांना ३०० ते ४०० मिलिमीटर पुरते, पक्ष्यांना ५०० च्या पुढची हवी. गाडीत ट्रायपॉड उघडत नाही. कापडाची रिकामी पिशवी न्या, तिथे तांदूळ भरून खिडकीच्या काठावर ठेवा आणि लेन्स त्यावर टेका. फोटो काढताना इंजिन बंद हवं, नाहीतर थरथर फोटोत उतरते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने धूसरच येतो, त्या वेळी कॅमेरा ठेवून द्या. कच्च्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून लेन्स बदलायची ती खोलीत.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे. जुन्या सॉकेटांना आपल्याकडच्या गीझर-एसीची मोठी तीन-पिन बसते. पाच अँपिअरवरून पंधरावर नेणारा साधा कन्व्हर्टर इथल्याच इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन नग घ्या. सोबत एक एक्स्टेन्शन बोर्ड असू द्या, कारण खोलीत मोकळी सॉकेट एक-दोनच सापडतात.